टाळ्यांच्या गजरात मंजूर

मित्रांनो, माझ्याशी बोलण्याआधी माणसं मला टिचकी मारतात. एक नाही, चांगल्या तीन-चार. मग तोंडाजवळ घेऊन फू फू करतात आणि ओरडतात, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग!" अहो, कोणाच्या घरी गेलात तर आधी त्याच्या डोक्यावर टकटक करता का? पण माईकाच्या नशिबी असलाच मान. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता कोणी टिचकीसुद्धा मारत नाही, आणि त्या रागातही एक सुख होतं हे फळीवर पडल्यावर कळलं.

मी कानिफनाथ मंडपवाल्याचा जुना माईक. चिंचवेढे गावच्या बाजारतळासमोर त्याचं दुकान आहे. वरच्या फळीवर, फाटक्या कनातीच्या गुंडाळीशेजारी मी पडून असतो. माझी जाळी गंजली आहे. डोक्यावरची लाल स्पंजाची टोपी उंदरांनी कुरतडली. तरी खाली रस्त्यावर कोण काय बोलतं ते मला ऐकू येतं. ऐकणं काही सुटत नाही, तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी खोक्यात बंद होतो. उजेड पाहिला तो नगरच्या एका दुकानात. तेव्हा शहराचं नाव अजून बदललं नव्हतं. एक सावळा, लाजरा तरुण आला, त्याने मला हातात घेऊन "हॅलो" म्हटलं आणि स्वतःचाच मोठा झालेला आवाज ऐकून तो दचकला. दुकानदार हसला. तो तरुण म्हणजे कानिफनाथ. त्याने मला टॉवेलात गुंडाळून एस.टी.ने गावी नेलं, आणि वाटेत कोणी धक्का मारू नये म्हणून मांडीवर धरून ठेवलं.

मग सुरू झाली माझी धावपळ. लग्नात मंगलाष्टकं, सप्ताहात कीर्तन, गणपतीत आरत्या, निवडणुकीत शिव्या. साखर कारखान्याच्या निवडणुकीत तर एकाच दिवशी सकाळी एका गटाच्या जीपवर आणि दुपारी दुसऱ्याच्या जीपवर मला बांधलं होतं. माझं काय जातंय? जो बोलेल त्याचं मी मोठं करून सांगणार. लोक म्हणायचे, "कानिफाचा माईक खणखणीत." ते ऐकलं की माझ्या तारेतून गोड झिणझिण्या जायच्या.

कानिफनाथचा एक नेम होता. रंगपंचमीला मढीच्या डोंगरावर कानिफनाथांच्या यात्रेत तो आपला साउंड घेऊन जायचा आणि हरवलेल्या माणसांचा पुकारा करायचा. नाथांच्या नावाने त्याचं नाव, म्हणून ही त्याची सेवा. तिथेच माझी आणि लंकाबाईची ओळख झाली. पाथर्डीकडची ती. ऊसतोडीवरून परतली होती, अंगावर कारखान्याची काजळी, आणि गर्दीत तिचा लहानगा राम सुटला होता. तिने कानिफनाथच्या हातातून मला ओढूनच घेतलं. टिचकी नाही, हॅलो नाही. ती सरळ ओरडली, "रामा रं! हितं ये, तुझी आय हितं हाय!" आख्ख्या डोंगरावर तिची हाक गेली. थोड्या वेळाने एका रेवडीवाल्याच्या खांद्यावर बसून राम आला.

तिने पोराला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. मला मात्र पदराने पुसलं. "ह्यात बोललं की मिळतं बग," असं ती शेजारणीला म्हणाली. मित्रांनो, इतका विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. मोठमोठे पुढारी माझ्यात घसा फोडायचे, पण त्यांना स्वतःला तरी खरं वाटायचं की नाही, देव जाणे.

पुढे काही वर्षांनी लंकाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर आमच्या भागात आली आणि नवऱ्याच्या माघारी इथेच राहिली. बाजारतळावर पोतं टाकून भाजी विकू लागली. मेथी, शेपू, आंबट चुका. राम मोठा होऊन चाकणला कंपनीत लागला. तो बोलवायचा, पण ही जायची नाही. कानिफनाथला तिने लगेच ओळखलं, आणि तो तिला मावशी म्हणू लागला.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुमच्या पुस्तकात नसते, कारण ती बोलायची लाज वाटते. बाजारातल्या बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. दिवसभरही पीत नाहीत. ऊन कितीही असो, एखादा घोट घेतात आणि बाटली बाजूला ठेवतात. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? पुरुषांचं काय, भिंत दिसली की झालं.

चिंचवेढ्याच्या बायकांचं नशीब त्यातल्या त्यात बरं होतं. बाजारतळाच्या मागे जुना कोंडवाडा होता. मोकाट जनावरं कोंडायची ती जागा. कोंडवाड्याला लागून बायकांसाठी दोन खोल्यांची एक मुतारी होती. पत्र्याचं दार, वर अर्धंच छप्पर. कडी तुटली तेव्हा बायकांनीच नवी बसवून घेतली. लंकाबाई रोज बाजार सुटला की बादलीभर पाणी मारून ती धुवायची. मुतारी असल्यामुळे या बायका दुपारी पोटभर पाणी प्यायच्या, भाकरी खाऊन दोन घटका गप्पा मारायच्या. शेजारची कोथिंबीरवाली सुरेखा तर म्हणायची, "आपला बाजार म्हंजी इमानतळ हाय, सगळी सोय!" आणि सगळ्या खो खो हसायच्या.

अशात गावात आराखड्याची बातमी आली. आराखडा म्हणजे गावचा मधला भाग पुढे कसा दिसेल त्याचा नकाशा. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या आमच्या पेठेतून जातात. त्यांना थांबायला जागा हवी, रस्ते रुंद हवेत, कमान हवी, कारंजं हवं. जुना आराखडा बदलून नवा करायचा होता आणि मंजूर करण्याआधी नागरिकांच्या हरकती आणि सूचना ऐकायच्या होत्या. तसा नियम आहे. नगरपरिषदेसमोर नकाशा टांगला. सुरेखाची मुलगी धनश्री कॉलेजात जाते. तिने नकाशा पाहिला आणि बाजारात येऊन सांगितलं, "आई, मुतारीच्या जागी गाड्यांचा तळ दाखवलाय. मुतारी नकाशात नाहीच. कोंडवाड्यासकट सगळं पडीक बांधकाम म्हणून लिहिलंय."

बायका सुन्न झाल्या. पडीक? जी आपण रोज धुतो ती?

"सभा हाय ना मंगळवारी," लंकाबाई म्हणाली. "माईक आसंल. मी बोलते."

सभेच्या आदल्या दिवशी ती आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून सराव करत होती. सुरेखा शेजारी. फळीवरून मी सगळं ऐकत होतो.

"मुतारी म्हनावं का गं चारचौघांत?"

"येडी का खुळी मावशी! पुढं सगळे पुढारी बसलेले. बाथरूम म्हन."

"बाथरूम म्हंजी आंगुळीचं. त्यांनी न्हानी बांधून दिली म्हंजी काय करू?"

"मग टॉयलेट म्हन. धनश्री तसंच म्हनती."

"टायलेट," लंकाबाईने जीभ वळवून पाहिलं. "सायेब, आमचं टायलेट पाडू नगा. तेवढंच हाय आमाला." ती पुन्हा पुन्हा हेच घोकत होती. कानिफनाथ आत तारा गुंडाळत होता. तो म्हणाला, "मावशी, माईक मी सोता आनून देतो तुमच्या हातात. काळजी करू नका." मलाही धीर आला. मढीला एका हाकेत पोर परत आणलं होतं, मग इथे तर एकच वाक्य पोहोचवायचं होतं.

मंगळवारी मंडप भरला. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी. बायका अर्थात सतरंजीवर. नकाशा काढणाऱ्या अश्विनी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. वयाने लहान, डोळे हुशार. त्यांनी आल्या आल्या हात जोडून सांगितलं, "मी आज बोलायला नाही, ऐकायला आलेय." मला त्या पोरीबद्दल लई बरं वाटलं.

पण मित्रांनो, आमच्या भागात पाहुणा आला की आधी त्याचा सत्कार. ही रीतच आहे. पाहुणा पाणी मागायला आला तरी आधी शाल-नारळ, मग पाणी! सूत्रसंचालनाला रविराज सर होते, शाळेत मराठी शिकवतात आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात मला धरतात. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. नगराध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांचा सत्कार. मुख्याधिकाऱ्यांना फेटा बांधायला घेतला तर तो चार वेळा सुटला. मॅडमना फेटा, साडी, नारळ, मोठा हार. प्रत्येक सत्कारानंतर एक शेर. मग प्रास्ताविक. मग अध्यक्षीय मनोगत, त्यात अध्यक्षांचे आजोबा, चुलते आणि पेठेतला पहिला दिवा कोणी लावला त्याची हकिगत. मॅडम फेट्याखालून घड्याळ पाहत होत्या. त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावी अशीच सभा होती.

मागून लंकाबाई दोनदा उभी राहिली. दोनदा कोणीतरी तिला खाली बसवलं, "आजी, हुतंय, हुतंय." कानिफनाथ कडेला उभा होता. त्याला पुढे यावंसं वाटत होतं, पण मला सरांच्या मुठीतून सोडवणं म्हणजे वाघाच्या तोंडचा घास काढणं.

एवढ्यात सर म्हणाले, "आता आपल्या बाजारपेठेचं भूषण, ज्येष्ठ भाजीविक्रेत्या लंकाबाई यांचा सत्कार!" ती गडबडली. बायकांनी तिला ढकललं, "जा जा, आता बोल!" ती चढून मंचावर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर. अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोवाल्याने मान वर करायला लावली. दोन्ही हात नारळात अडकलेले. तिने तोंड उघडलं, "सायेब, आमचं..." ते मला ऐकू आलं, फक्त मला. सरांनी मला स्वतःकडे ओढलं आणि म्हणाले, "वेळेअभावी मनोगत घेता येत नाही, क्षमस्व." एका कार्यकर्त्याने तिला दंडाला धरून हळूच खाली उतरवलं. मानाने उतरवलं हो, अगदी मानाने. माझ्या आतली तार जळून गेली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग सर शेवटी गरजले, "एवढा सुंदर आराखडा देणाऱ्या आपल्या लेकीसाठी, अश्विनी मॅडमसाठी, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" मंडप दणाणला. सतरंजीवरच्या बायकांनीही वाजवल्या. लेकीसारखी पोर एवढी शिकलेली, तिच्यासाठी टाळी वाजवायला कोणाचे हात आखडतील? लंकाबाईनेही नारळ खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आता टाळ्या थांबल्या की हरकतींना सुरुवात होईल.

सुरुवात झाली ती राष्ट्रगीताला. सगळे उभे राहिले, संपलं, आणि खुर्च्या गोळा व्हायला लागल्या. परिषदेच्या लिपिकाने सभेचा अहवाल तिथेच मोठ्याने वाचून अध्यक्षांना दाखवला, "उपस्थित नागरिकांनी आराखडा टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर केला. हरकत नाही." कानिफनाथ माझी तार गुंडाळत होता, त्याचे हात तिथेच थांबले.

लंकाबाई दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत गेली. परत आली ती आमच्या पायरीवर येऊन बसली.

"काय म्हनले मावशी?" कानिफनाथने विचारलं.

"म्हनले, आजी, तुमीच तर टाळ्या वाजिवल्या. शालीतला फोटू बी दावला माझा." मग म्हणाली, "कानिफा, रिक्षावर माईक बांद. मी पेठंतनं बोलत जाते. त्यात काय लाज?"

मित्रांनो, त्या क्षणी मी फळीवरून उडी मारायला तयार होतो. पण कानिफनाथने मान खाली घातली. गावातला प्रत्येक सरकारी मंडप त्याचा. परिषदेला राग आला तर चूल कशी पेटायची? "मावशी, परवानगी लागती पोलिसांची," तो पुटपुटला. ती त्याच्यावर रागावली नाही. "व्हय, तुझं बी लेकरू-बाळ हाय," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

संक्रांतीच्या सुमारास जेसीबी आला. कोंडवाडा आणि मुतारी एकाच दुपारी भुईसपाट झाली. पत्र्याचं दार वाकून पडलं होतं, त्यावरची कडी कोणीतरी काढून नेली. तिथे फरशी बसवली, पांढरे पट्टे मारले आणि शिर्डीला जाणाऱ्यांच्या गाड्या लागू लागल्या. छान दिसतं आता, खोटं कशाला बोलू.

बायकांनी पाणी पिणं सोडलं. उन्हाळा चढला तशी लंकाबाई सुकत गेली. आधी जळजळ, मग कंबर धरून बसणं, मग थंडी-ताप. सुरेखा म्हणायची, "मावशी, पी गं दोन घोट." ती म्हणायची, "आन जाऊ कुठं? गाड्यांच्या मधी?" रामने येऊन तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाणी पीत नव्हता का?" वैशाखात ती गेली. तिच्या जागी पोतं तसंच गुंडाळून ठेवलेलं होतं, ते कोणी हलवलं नाही.

दशक्रिया नदीच्या घाटावर झाली. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असतं आणि मग पुढारी श्रद्धांजली वाहतात. गरिबाच्या दहाव्यालाही येतात, मतं सगळ्यांची सारखीच. कानिफनाथने मला घाटावर आणलं, त्या दिवशी त्याने मला स्वतःच्या उपरण्याने पुसलं. अध्यक्ष आले. माझ्यात म्हणाले, "लंकाबाई म्हणजे आपल्या बाजाराची माउली. नव्या वाहनतळाच्या कमानीला आपण त्यांचं नाव देणार आहोत!" काही जणांनी माना डोलावल्या. राम खाली बघत होता.

तेव्हा कानिफनाथ पुढे गेला. अध्यक्षांच्या हातातून त्याने मला काढून घेतलं, सावकाश, पण घेतलं. आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन सुरेखाच्या हातात दिलं. माझ्या अंगावर तिच्या बांगड्या वाजल्या.

"कमान नको आमाला," ती म्हणाली. "मावशी मुतायला जागा न्हाई म्हनून मेली. हे सांगायला ती सभंला आल्ती. तुमी तिला शाल घातली."

मी ते वाक्य सगळा जोर लावून पलीकडच्या काठापर्यंत पोहोचवलं. त्याहून मोठं काम मी आयुष्यात केलं नाही. मग रविराज सरांनी सुरेखाच्या हातातून मला अलगद घेतलं आणि म्हणाले, "दुःखाच्या भरात माणूस बोलून जातो. आपण दोन मिनिटं मौन पाळू या." सगळे उभे राहिले आणि मौन पाळलं. ती मौनाची दोन मिनिटंसुद्धा मीच जाहीर केली.

कमान झाली. तिच्यावर लंकाबाईचं नाव आहे, सोनेरी अक्षरात. परिषदेने मंडपाचं काम दुसऱ्याला दिलं, त्याच्याकडे बिनतारेचे चार माईक आहेत. कानिफनाथ आता लग्नाच्या खुर्च्या भाड्याने देतो. त्याला पस्तावा आहे की समाधान, ते मला ओळखता येत नाही. कधीकधी तो मला खाली काढतो, हातात धरतो आणि काही न बोलता परत ठेवतो.

बाळांनो, मी जुना झालो. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. लोखंड आहे, गंजणारच. पण तुमच्या गावातही उद्या भिंतीवर नकाशा लागेल आणि सभा भरेल. मागे सतरंजीवर कोणीतरी बाई एक वाक्य घोकत बसलेली असेल. हार-तुरे राहू द्या बाजूला. माईक उचला आणि आधी तिच्यापाशी न्या. ती लाजेल, अडखळेल, वेळ खाईल. तुम्ही धरून उभे राहा.

आणि जमलं तर लवकर करा. या मंगळवारी सुरेखा बाजाराला आली नव्हती. खाली धनश्री कानिफनाथला सांगत होती, आईला जळजळ होते म्हणून ती झोपून आहे, आणि पाणी पी म्हटलं तर ऐकत नाही.